लोखंडी वाट

इटली देशाच्या उत्तर सीमेकडे आल्प्स पर्वताची जी विशाल रांग पसरली आहे, तिच्या पूर्वेकडील एका भागास डोलोमाइट पर्वत असे म्हणतात. देओदा द दोलोमिय या फ्रेंच भूवैज्ञानिकाने १७९१ साली येथील खडकाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच्या नावावरून प्रथम खडकास व पुढे पर्वतासही हे नाव मिळाले. वीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी येथे उथळ, उबदार समुद्र होता. त्या समुद्राच्या तळाशी साचलेले थर कालांतराने उंच उचलले गेले आणि ऊन, पाऊस व हिम यांनी त्यांस कोरून काढले. त्यामुळे हिरव्या कुरणांतून एकाएकी शेकडो मीटर उंचीचे उभे कडे, सुळके आणि बुरूज वर आलेले दिसतात. दिवसा पांढरट-करड्या दिसणाऱ्या या कड्यांवर सायंकाळी गुलाबी व तांबूस आभा पसरते. मार्मोलादा हे येथील सर्वोच्च शिखर ३,३४३ मीटर उंच आहे. २००९ साली युनेस्को या संस्थेने डोलोमाइट पर्वताचा समावेश जागतिक वारसास्थळांत केला.

असे उभे कडे चढून जाणे हे खरोखर निष्णात गिर्यारोहकाचेच काम. तथापि उन्हाळ्याच्या दिवसांत या कड्यांवर नजर टाकली, तर शाळकरी मुलांपासून साठी उलटलेल्या गृहस्थांपर्यंत अनेक माणसे मुंग्यांच्या रांगेप्रमाणे वर चढताना दिसतात. हे शक्य होते ते एका विशेष प्रकारच्या मार्गामुळे. इटालियन भाषेत त्यास ‘व्हिया फेराटा’ असे म्हणतात. व्हिया म्हणजे वाट आणि फेराटा म्हणजे लोखंड जडविलेली. लोखंडी वाट, हाच त्याचा सरळ अर्थ.

महाराष्ट्रातील कळसूबाईच्या शिखरावर जाणाऱ्यांना अवघड टप्प्यांवर बसविलेल्या लोखंडी शिड्या परिचित आहेत. लोखंडी वाटेची मूळ कल्पना तीच. मात्र तिचा विस्तार फार मोठा आहे. येथे कड्याच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत पोलादी तारेचा जाड दोर ताणलेला असतो. खडकात भोके पाडून त्यांत लोखंडी मेखा घट्ट बसविलेल्या असतात व दर काही मीटरांवर हा तारदोर अशा एकेका मेखेस जखडलेला असतो. जेथे पाय ठेवण्यास खाच मिळत नाही तेथे लोखंडी पायऱ्या ठोकलेल्या असतात, जेथे कडा अगदीच उभा होतो तेथे शिडी असते आणि जेथे मध्येच दरी येते तेथे तारेवर तोललेला लहानसा पूल असतो. अशी वाट कधी अर्ध्या तासात संपते, तर कधी तिच्यावर संपूर्ण दिवस लागतो.

या वाटांचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. ऑस्ट्रियातील डाखश्टाइन शिखरावर १८४३ साली फ्रीड्रिख सिमोनी या भूगोलतज्ज्ञाने लोखंडी मेखा, हातास धरावयाच्या कड्या व दोर बसवून घेतले होते. डोलोमाइट पर्वतात मार्मोलादाच्या पश्चिम धारेवर १९०३ साली असाच मार्ग तयार झाला. शिखरावर जाण्याची सोय व्हावी, एवढाच त्या वेळी हेतू होता. परंतु या लोखंडाचा खरा विस्तार झाला तो आनंदासाठी नव्हे, तर युद्धासाठी.

१९१५ सालच्या मे महिन्यात इटलीने ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्ध युद्ध पुकारले आणि डोलोमाइट पर्वत ही रणभूमी झाली. एका सुळक्यावर इटलीचे अल्पिनी सैनिक, तर समोरच्या सुळक्यावर ऑस्ट्रियाचे सैनिक, अशी स्थिती दोन वर्षांहून अधिक काळ राहिली. ज्याच्या हाती उंच जागा त्याच्या हाती खालची खिंड, हा तेथील युद्धाचा नियम. म्हणून सैनिक, शिधा, दारूगोळा आणि प्रसंगी तोफाही कड्यांवर चढविणे भाग पडले. त्यासाठी सैनिकांनी शिड्या लावल्या, दोर ताणले, मेखा ठोकल्या व डोंगरांच्या पोटात बोगदे खोदले. लागाझुओई या डोंगरात तर दोन्ही पक्षांनी परस्परांच्या ठाण्यांखाली सुरुंग उडविले. निसर्ग मात्र कोणाच्याच पक्षाचा नव्हता. १३ डिसेंबर १९१६ रोजी मार्मोलादाच्या उतारावर प्रचंड हिमलोट कोसळला आणि ऑस्ट्रियाच्या छावणीतील अडीचशेहून अधिक सैनिक एका क्षणात गाडले गेले.

या युद्धातील एक कथा आजही तेथे सांगितली जाते. झेप इनरकोफ्लर हा सेक्स्टन गावचा नामांकित वाटाड्या. प्रवाशांस सुखरूप शिखरावर नेऊन सुखरूप परत आणणे हा त्याचा व्यवसाय. युद्ध सुरू होताच पन्नाशीकडे झुकलेला हा मनुष्य ऑस्ट्रियाच्या बाजूने स्वयंसेवक म्हणून उभा राहिला. पातेर्नो नावाचा जो सुळका त्याच्या पूर्ण परिचयाचा होता, त्याच्या माथ्यावर इटालियन सैनिकांनी ठाणे दिले होते. ४ जुलै १९१५ रोजी पहाटे तो माथा परत घेण्याच्या प्रयत्नात इनरकोफ्लर मारला गेला. त्याची कीर्ती शत्रूसही ठाऊक होती. इटालियन सैनिकांनी कड्यावरून त्याचा देह वर आणला आणि त्याच शिखरावर त्यास मूठमाती दिली. पुढे १९१८ साली त्याचे अवशेष त्याच्या गावी नेण्यात आले. आज या सुळक्यावर युद्धकालीन बोगद्यातून जाणारी लोखंडी वाट आहे व तिला ‘दे लुका–इनरकोफ्लर’ असे जोडनाव आहे. यांतील दे लुका हा इटालियन सैनिक होता. जे एकमेकांवर शस्त्र धरून उभे होते, त्यांची नावे आता एकाच वाटेवर शेजारी शेजारी नांदत आहेत.

१९१७ च्या शरद ऋतूत ही आघाडी उठली. सैनिक गेले, लोखंड मात्र कड्यांवर गंजत राहिले. पुढे गिर्यारोहकांच्या मंडळांनी यांतील काही वाटांची डागडुजी केली, जीर्ण दोर काढून नवे पोलादी दोर लावले व अनेक नव्या वाटाही बांधल्या. ब्रेंता या पर्वतसमूहातील ‘बोकेत्ते’ची वाट १९३० नंतरच्या काळात क्रमाक्रमाने आकारास आली. बोकेत्ते म्हणजे लहान खिंडी. ही वाट शिखराचा हट्ट धरीत नाही. ती कड्यांच्या मधल्या अरुंद पट्ट्यांवरून खिंडीमागून खिंड ओलांडीत जाते. अशा रीतीने संहारासाठी योजिलेली युक्ती मनुष्याच्या निर्भेळ आनंदाचे साधन बनली.

आता असा प्रश्न उपस्थित होतो की, हातास पोलादी दोर व पायास लोखंडी पायरी असता भीती ती कशाची? येथेच नवशिक्या माणसाची फसगत होते. हाताची पकड थकव्याने सुटते, ओल्या खडकावरून पाय निसटतो, वरून दगड येतो. म्हणून चढणारा मनुष्य स्वतःस त्या तारदोराशी बांधून घेतो. परंतु नुसते बांधून घेणे पुरेसे नसते. ते का, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल.

समजा, दोन मेखांमध्ये तीन मीटरांचे अंतर आहे. ८० किलोग्रॅम वजनाचा एक मनुष्य एक मीटर लांबीच्या पट्ट्याने तारदोरास जोडलेला आहे. त्याची कडी वरच्या मेखेपाशी आहे आणि तो स्वतः तिच्याही एक मीटर वर चढला आहे. अशा वेळी त्याचा पाय निसटला, तर प्रथम तो एक मीटर खाली येऊन कडीपाशी पोहोचेल. परंतु कडी तारेवर मोकळी असल्याने तीही घसरत तीन मीटर खाली, म्हणजे पुढच्या मेखेपर्यंत जाईल. आणि त्याखाली पट्ट्याच्या लांबीइतका, म्हणजे आणखी एक मीटर, तो पडेल. एकूण पतन पाच मीटरांचे झाले. त्याला अडविणारा पट्टा मात्र अवघा एक मीटर लांब. दोराच्या साहाय्याने होणाऱ्या नेहमीच्या गिर्यारोहणात मनुष्य दोराच्या लांबीच्या फार तर दुप्पट पडू शकतो. येथे ते प्रमाण पाचपट झाले.

वेगाने येणारा क्रिकेटचा चेंडू झेलताना चांगला खेळाडू हात किंचित मागे घेतो. हात ताठ ठेवले तर चेंडू तळव्यास झोंबतो. थांबण्याचे अंतर जितके कमी, तितका धक्का मोठा, हाच त्यामागील नियम. वरील उदाहरणातील मनुष्य जर अवघ्या दहा सेंटिमीटरांत थांबला, तर त्याच्या शरीरावर सरासरी सुमारे ४,००० किलोग्रॅम वजनाइतका जोर येईल. असा जोर ना शरीर सोसू शकेल, ना पट्टा, ना कडी. तोच मनुष्य १.२ मीटर अंतरात हळूहळू थांबला, तर हा जोर सुमारे ४०० किलोग्रॅम वजनाइतका, म्हणजे एकदशांशावर येतो. जीवन आणि मृत्यू यांतील अंतर येथे अक्षरशः एका मीटराचे असते.

हे अंतर मिळवून देणारे साधन म्हणजे धक्काशोषक. पूर्वी त्यासाठी भोके पाडलेली धातूची पट्टी वापरीत. पडणाऱ्याच्या भाराने दोर त्या भोकांतून घासत सरके व त्या घर्षणात पतनाचा जोर जिरून जाई. आता बहुधा घड्या घालून शिवलेला मजबूत पट्टा एका लहान पिशवीत असतो. जोराचा हिसका बसताच त्याची शिवण क्रमाक्रमाने उसवत जाते, पट्टा लांबतो आणि मनुष्य मृदुपणे थांबतो. असा धक्काशोषक एकदाच उपयोगी पडतो. एकदा उसवला की त्याचे कार्य संपले; मग तो टाकून नवा घ्यावा लागतो.

या धक्काशोषकापासून दोन पट्टे निघतात आणि प्रत्येकाच्या टोकास कॅराबिनर नावाची झडपेची कडी असते. ही झडप हातातून सुटताच आपोआप बंद व कुलूपबंद झाली पाहिजे. कड्या दोन का, याचे उत्तर सोपे आहे. वर चढताना वाटेत मेख आली की कडी पुढे सरकत नाही. ती काढून मेखेच्या पलीकडे लावावी लागते. कडी एकच असेल तर त्या क्षणी मनुष्य कशासही बांधलेला राहत नाही. म्हणून प्रथम एक कडी काढून पलीकडे लावावी, ती नीट बसली आहे याची खात्री करावी व त्यानंतरच दुसरी काढावी. दोन्ही कड्या एकाच वेळी कदापि काढू नयेत. हा नियम सोपा आहे. परंतु दिवसभरात तो शेकडो वेळा पाळावा लागतो, आणि थकलेल्या मनुष्याकडून तो एखाद्या वेळीच मोडला जातो.

साधने निवडताना काही गोष्टींकडे बारकाईने लक्ष द्यावे लागते. त्यांपैकी पहिली वजनाची. पूर्वी युरोपातील प्रमाणानुसार धक्काशोषकाची परीक्षा केवळ ८० किलोग्रॅम वजन टाकून होत असे. परंतु त्या बेताने बनविलेला धक्काशोषक हलक्या मुलाच्या भाराने पुरेसा उसवत नाही व मुलास जबर हिसका बसतो. उलट, फार वजनदार मनुष्याच्या भाराने तो पूर्ण उसवूनही पतन थांबत नाही. हा दोष जाणून २०१७ सालच्या सुधारित प्रमाणात ४० ते १२० किलोग्रॅम अशी मर्यादा घालून तिच्या दोन्ही टोकांस परीक्षा करण्याचे ठरले. यास्तव साधनावर छापलेली वजनाची मर्यादा वाचल्यावाचून ते घेऊ नये. ज्याचे वजन या मर्यादेबाहेर आहे, विशेषतः लहान मूल, त्यास केवळ या पट्ट्यांवर विसंबून न ठेवता अनुभवी मनुष्याने वरून दोर धरून सांभाळावे लागते.

दुसरी गोष्ट साधनाच्या वयाची. २०१२ साली ऑस्ट्रियात एका लोखंडी वाटेवर एक गिर्यारोहक पडला आणि त्याचे दोन्ही लवचीक पट्टे तुटून त्याचा अंत झाला. चौकशीत असे आढळले की, पट्टे वारंवार ताणले जाऊन आतील भार पेलणारे धागे झिजले होते. या घटनेनंतर अनेक प्रकारचे संच बाजारातून परत मागविण्यात आले आणि पट्ट्यांची परीक्षा अधिक कडक झाली. आता ते पुनःपुन्हा ताणून व पाण्यात भिजवूनही तपासले जातात. कापडी पट्टे वापराने झिजतात, उन्हाने कमजोर होतात आणि पेटीत पडून राहिले तरी त्यांचे वय वाढतच असते. त्यामुळे निर्मात्याने सांगितलेली मुदत संपलेला, कोणी पूर्वी वापरलेला व ज्याचा इतिहास माहीत नाही असा संच, स्वस्त मिळतो म्हणून घेणे धोक्याचे होय. भाड्याने घेतलेला संचही नीट पाहून घ्यावा: शिवण उसवलेली आहे काय, पट्ट्यावर चीर वा पिसे आहेत काय, कडीची झडप अडखळते काय. धक्काशोषकाऐवजी साधा दोर अथवा पट्टा बांधून जाणे, हे तर संकटास आमंत्रणच होय.

याखेरीज आणखी काही साधने आवश्यक मानतात. कमरेस व मांड्यांस आवळून बांधावयाचा हार्नेस अंगास बरोबर बसणारा हवा. त्यामुळे धक्का शरीराच्या मजबूत भागांवर वाटला जातो. डोक्यावर गिर्यारोहणाचे शिरस्त्राण हवे, कारण डोलोमाइटचा खडक ठिसूळ असून वर चढणाऱ्या माणसाच्या पायाखालून सुटलेला लहान दगडही खालच्याचा प्राण घेऊ शकतो. हे शिरस्त्राण वाट सुरू होण्यापूर्वी, कड्याच्या पायथ्याशीच घालावे. हातांत चामड्याचे मोजे असावेत, कारण जुन्या तारदोराचे तुटलेले धागे सुईसारखे टोचतात. पायांतील बुटांचा तळ ताठ व न घसरणारा असावा, म्हणजे बारीक पायरीवरही पाय स्थिर राहतो.

साधने उत्तम असली तरी वागणुकीचे काही नियम उरतातच. दोन मेखांमधील तारेवर एका वेळी एकच मनुष्य असावा. वरचा मनुष्य पडला, तर त्याची कडी घसरत येऊन खालच्यास सोबत नेते. ऑस्ट्रियात प्रचलित असलेल्या पद्धतीत वाटांची अवघडता ‘ए’पासून ‘ई’पर्यंत अक्षरांनी दर्शवितात, ‘ए’ सर्वांत सोपी. नवशिक्याने तेथूनच आरंभ करावा. अर्ध्या कड्यावर पोहोचल्यावर हातांतील बळ संपले, तर मागे फिरणेही पुढे जाण्याइतकेच कठीण होते. पडताना मनुष्य पायऱ्यांवर व खडकाच्या कपारींवर आपटू शकतो. त्यामुळे धक्काशोषकाने प्राण वाचविले तरी हाडे शाबूत राहतीलच असे नाही. म्हणून या वाटेवर ‘पडलो तरी चालेल’ असे मानून कोणीही पाऊल टाकीत नाही.

सर्वांत मोठे संकट आकाशातून येते. उन्हाळ्यात आल्प्स पर्वतात दुपारनंतर ढग जमून गडगडाटी वादळ होणे ही नित्याची गोष्ट आहे. एरव्ही आधार देणारा तो पोलादी दोर विजेच्या वेळी मात्र शत्रू ठरतो, कारण पोलाद हे विजेचे उत्तम वाहक आहे. म्हणून जाणते लोक पहाटे निघतात, दुपारपूर्वी माथा सोडतात आणि ढगांची चिन्हे दिसताच, शिखर हाताच्या अंतरावर असले तरी, माघारी वळतात. अशा माघारीस तेथे कोणी भ्याडपणा म्हणत नाही. पर्वत उद्याही तेथेच असणार; मनुष्य उद्या असावा, एवढीच काळजी घ्यावयाची असते.

सायंकाळी कड्यांवर तांबूस आभा पसरू लागते, तेव्हा या वाटांवरून उतरलेली माणसे पायथ्याच्या विश्रामगृहात जमतात. कोणी जर्मन बोलतो, कोणी इटालियन. शंभर वर्षांपूर्वी याच कड्यांवर याच दोन भाषा बोलणारे तरुण परस्परांचा वेध घेत होते. आज त्यांचे पणतू एकाच बाकावर बसून आपले पट्टे तपासतात, कड्या पुसतात आणि उद्याच्या वाटेची माहिती एकमेकांस देतात. लोखंड तेच आहे, कडेही तेच आहेत. ते कोणत्या हेतूने हाती धरले जाते, एवढाच काय तो फरक.